मानेपाशी

माझ्या नवऱ्याला वेड्यांच्या दवाखान्यात बांधलं ते मी. लोक म्हणतात, वॉर्डबॉयने बांधलं, डॉक्टरने बांधायला लावलं. म्हणू देत. हात बांधले ते मी, या माझ्या हातांनी, आणि मला कोणी बांध म्हणूनही सांगितलं नव्हतं. माझी मीच पुढे झाले. नसतं शहाणपण, दुसरं काय!

आमचा धंदा बैलांना नाल मारायचा. धंदा मूळ माझ्या बापाचा. नवरा बापाच्या हाताखाली शिकायला आला तेव्हा मला त्या कामात चार वर्षं झाली होती, त्यामुळे मी त्याला पहिल्यापासून अरे-तुरेच करते. सासूला ते अजून खपत नाही. "नवरा आहे तो तुझा, गडी नाही," म्हणते. मी म्हणते, "आधी गडीच होता."

बैल उभ्याने नाल मारून घेत नाही. त्याच्या पोटाला दोराचा वेढा घालून मागून ओढायचं, की तो गुडघे टेकतो आणि कुशीवर पडतो. मग पाय एकत्र बांधायचे, मधून काठी सरकवायची, की खूर वर येतात. खूर तासायचे आणि नाल ठोकायचे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, एका बैलाला आठ. पाय बांधायची आमच्याकडे एक गाठ आहे. जनावराने हिसका दिला तर दोर दोरावर आवळतो, कातडीवर नाही. आत दोन बोटं जातील एवढी जागा राहते. सोडताना आधी फास मागे ढकलायचा, मग दोराची शेंडी वर ओढायची. फास न ढकलता नुसतीच शेंडी ओढली, की गाठ बसलीच. मग ब्रह्मदेव आला तरी सुटायची नाही. ही गाठ नवऱ्याला मी शिकवली. पंधरा दिवस लागले त्याला, बाप म्हणायचा याच्या बोटांना भोवरे आहेत.

गेल्या वर्षी पाऊस सरला आणि त्याचं बिनसलं. आधी वाटलं, कामाची झिंग चढलीय. दिवसरात्र भाता चालू. इतके नाल घडवले की ठेवायला जागा उरली नाही, चुलीपाशीसुद्धा पोत्यात नाल. जेवायला बोलावलं तर म्हणायचा, "जगातल्या सगळ्या गाड्या इकडे निघाल्यात आणि तुला जेवण सुचतंय!" मग एक दिवस उलटंच सुरू केलं. खाणीच्या रस्त्यावर उभा राहून दगडाच्या गाड्या थांबवायचा आणि आपणच मारलेले नाल उपटायचा. "ओरडतायत ते. तुम्हाला ऐकू येत नाही का?" खाणीचा मुकादम आडवा आला, तर त्याला उचलून पाण्याच्या हौदात टाकलं. खरं सांगते, तेवढं मात्र बघण्यासारखं होतं. पण दोन दिवसांनी त्याने आईला भट्टीवर ढकललं. तिचा कोपर भाजला आणि आमचं हसू आटलं.

मुकादमानेच खाणीचा ट्रक दिला. उपकार कसले, त्याला रस्ता मोकळा हवा होता. मागे दगडांच्या चुऱ्यात आम्ही बसलो, मी, नवरा आणि त्याला धरून खाणीचे तीन गडी.

दवाखान्याचा तो वॉर्ड म्हणजे लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, आणि फिनेलचा वास घशात बसेल एवढा. नवऱ्याला खाट दाखवली तसा तो उसळला. चौघांनी धरून पाडला. एकाचा गुडघा त्याच्या छातीवर होता. त्या वॉर्डबॉयला सगळे मामा म्हणत होते. मामाने कापडी पट्ट्या आणल्या, धुऊन धुऊन दोरीसारख्या झालेल्या. पाय बांधले, मग हाताला साधा सरकफास घातला. हिसका दिला की मनगटात रुतणारा. मी बघत होते, पंजा काळानिळा पडत चालला होता. माझ्याने राहवेना.

"सरका," मी म्हटलं. "असं बांधतात होय? जनावरालासुद्धा असं बांधत नाहीत."

मामाने खुशाल पट्टी माझ्या हातात दिली. त्याला काय, अडतीस खाटांना दोन माणसं, कोणी बांधलं तरी त्याचं काम हलकंच. नवऱ्याच्या तोंडावर चादर धरलेली होती, थुंकत होता म्हणून. मी खाटेच्या डोक्याकडून दोन्ही हात बांधले. दोन बोटं घालून बघितली, जागा होती. मामाला म्हटलं, "सोडताना आधी फास मागे, मग शेंडी वर." "हो बाई, हो," तो म्हणाला. एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. सिस्टरनी इंजेक्शन दिलं, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत होते. मग मला बाहेर काढलं. बाहेर ट्रक उभा होता, मी त्यात बसले आणि घरी आले.

सव्वीस दिवसांनी त्याला आणायला गेले. कागदांवर सह्या करत होते, तेवढ्यात मामा हसत हसत आला.

"बाई, तुमची ती गाठ म्हणजे कमाल होती हां! दोन तासांनी सोडायचं असतं, तसे पाय सोडले. हात काही सुटेनात. जेवढं ओढावं तेवढी आवळते! कात्री कपाटात, किल्ली मोठ्या सिस्टरकडे आणि त्या गेलेल्या मीटिंगला. दिवे लावायच्या वेळेला आल्या, तेव्हा कुठे पट्टी कापली. पट्टी कापली म्हणून लेखी मलाच द्यावं लागलं."

मीही हसले. लाज वाटली की माणूस भलतंच काहीतरी करतो. नवरा कपड्यांचं गाठोडं घेऊन बाजूलाच उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि तो भिंतीकडे बघत राहिला. सकाळी अकरा ते दिवेलागण. मी परतीच्या वाटेवर बोटांवर तास मोजत होते.

घरी आला तो अगदी शहाण्यासारखा. वेळेवर उठायचा, अंघोळ करायचा, गोळ्या घ्यायचा. पाच किलो उतरला होता आणि चालताना पाय घासायचा. उजव्या मनगटावर काळा वळ होता आणि त्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर. तिसऱ्या दिवशी न सांगता शेडमध्ये आला, हातोडा घेतला, खिळा धरला. खिळा पडला. परत उचलला, परत पडला. तिसऱ्यांदा हातोडा अंगठ्यावर बसला. त्याने हातोडा जागेवर ठेवला आणि शेडमागच्या दगडावर जाऊन बसला. मी मागोमाग गेले, म्हटलं, "बघू बोटं." त्याने हात काखेत घातला.

माझ्याशी बोलणं बंद. आईशी बोलायचा, शेजाऱ्यांशी बोलायचा, कोंबड्यांना हाकलताना बोलायचा. मी समोर वाढत असले तरी म्हणायचा, "आई, तिला सांग मीठ कमी आहे." सासू मोठ्या तोऱ्यात माझ्याकडे वळून सांगायची, "मीठ कमी आहे." चार हातांच्या आत तिघं बसलेलो! मी मीठ वाढायची. दुसऱ्या कोणाला असं खपवून घेतलं नसतं. पण याच्यापुढे माझी जीभ उचलत नव्हती. मला एवढंच हवं होतं, की याने एकदा माझ्याकडे बघून बोलावं. शिव्या घालाव्यात, पण मला घालाव्यात. नाहीतर पुढची वीस वर्षं असंच मीठ वाढत बसायचं होतं.

आणि हंगाम तोंडावर. चिखल वाळला की खाणीचा रस्ता कानशीसारखा होतो, महिन्याच्या आत साठ बैलांना नाल मारून द्यावे लागतात. मुकादम शेडच्या दारात उभा राहिला.

"जमणार आहे का बाई? नसेल तर नाक्यावरच्या नालबंदाकडे पाठवतो."

"जमेल."

"आणि हा असाच बसून राहणार असेल तर आणखी महिनाभर ठेवून या तिकडे. ट्रक देतो."

"ट्रक राहू दे तुमचा," मी म्हटलं. "आणि हौदापासून जरा लांब उभे राहा. घसरडं आहे."

बोलायला बोलले, पण एकटीने बैल पाडता येत नाही. गाडीवाला दोर ओढू लागायचा. मग मी खुरांशी, आणि मानेपाशी सासू. सत्तरी उलटलेली, अंगावर मूठभर मांस. बैलाची मान दाबून बसायची आणि त्याच्या कानात माझी गाऱ्हाणी सांगायची. लग्नात मी कशी उशिरा उठले, तिथपासून सुरुवात. बैल गप्प पडून ऐकायचे, त्यांना तरी दुसरा काय इलाज होता? दिवसाला दोन बैल व्हायचे. संध्याकाळी माझा उजवा खांदा वर जात नसे, डाव्या हाताने वेणी घालायची.

आठव्या दिवशी एक काळा बैल आला, नवा, माणसाळलेला नव्हता. पाडला तोवर ठीक होतं. पहिला खिळा मारला आणि त्याने मानेला असा झटका दिला, की सासू दोन हात लांब धुळीत. ओरडली नाही बिचारी, फक्त "अगंबाई" म्हणाली. गाडीवाला तिला उचलायला धावला. बैल डोकं आपटायला लागला. असा बैल स्वतःचं शिंग मोडून घेतो, मान मोडून घेतो. मी खुराशी अडकलेली, हातातलं सोडता येईना.

तेवढ्यात नवरा आला. कधी उठला, कधी आला, कळलं नाही. मानेपाशी बसला, एक हात शिंगाच्या बुडाशी घातला, दुसऱ्या तळव्याने बैलाचा डोळा झाकला आणि त्याच्या मानेवर आपला गाल टेकवला. काहीतरी पुटपुटत राहिला. बैलाचं पोट आधी भराभर हलत होतं, मग सावकाश हलायला लागलं.

"मार," तो म्हणाला. मला की हवेला, कोण जाणे. मी खिळा मारला.

दुसऱ्या दिवसापासून मानेपाशी तो बसायला लागला. सासूने कोपराला तेल चोळत दारातली जागा धरली. दिवसाला चार बैल व्हायला लागले. आणि तो बैलांशी बोलायचा. मी खुरांपाशी, माझ्या-त्याच्यात बैलाचं पोट. त्याचं तोंड पलीकडे, पण आवाज यायचा.

एका पांढऱ्या बैलाला त्याने सांगितलं, "लेका, तुला निदान आभाळ दिसतंय. मला छतावरचा पंखा दिसत होता. तोही बंद."

दुपारी दुसऱ्याला म्हणाला, "पाणी मागितलं, तर म्हणे, पाणी प्यायलास की लघवीला लागेल. न पिताच लागली. हाका मारल्या. मग झाली तिथंच. गरम असते तोवर काही वाटत नाही रे, गार पडली की वाईट."

मी खूर तासत राहिले. हाताला काम होतं म्हणून बरं.

पुढे दोन दिवस खोलीचं चाललं होतं. हात सोडल्यावर त्याला एका खोलीत एकटं ठेवलं होतं, चार दिवस. चटई आणि कोपऱ्यात भोक, बाकी काही नाही. दिवा विझत नसे. "दाराला एवढीशी फट. तिच्यातून एक डोळा बघायचा. माणूस नाही, नुसता डोळा. कोणाचा ते कळायचं नाही. दारावर थाप मारली, की म्हणायचे, अजून शांत झाला नाही, राहू द्या आत. थाप नाही मारली, की विसरून जायचे. आता सांग, काय करायचं माणसाने?" बैलाने कान हलवला. "तेच म्हणतो मी," नवरा म्हणाला.

दारातून सासू म्हणाली, "भोगायचं ते भोगून झालं. आता कशाला उगाळतोस?"

"तुला नाही सांगत मी," तो म्हणाला.

हंगामाचे शेवटचे दहा-बारा बैल राहिले होते तेव्हाची गोष्ट. तांबडा, थोराड बैल, सहा नाल मारून झालेले. नवरा त्याला एका मास्तरची गोष्ट सांगत होता. शेजारच्या खाटेवरचा पेशंट, पूर्वी शाळेत शिकवायचा, वीस वर्षं त्या वॉर्डातच. "नाकावर माशी बसली होती. तास झाला असेल. नाक हलवून हलवून दमलो. हा मास्तर उठून आला, माशी उडवली, नाक खाजवलं, म्हणाला, आणखी कुठे? अख्ख्या दवाखान्यात तेवढा एक शहाणा."

मी हातोडा खाली ठेवला.

"बैलाला काय सांगतोस?" मी म्हटलं. "मला सांग की. मी बांधलं तुला. तुझी बोटं गेली ती माझ्यामुळे. सांग मला काय सांगायचं ते. रोज उठून मी हे पाठीमागून ऐकायचं होय?"

माझा आवाज चढला होता. सासू दारातून उठली आणि परत बसली. नवऱ्याने बैलाच्या पोटावरून माझ्याकडे बघितलं. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

"गाठ बरोबर होती," तो म्हणाला. "गाठीला मी काही म्हटलंय का?"

"मग?"

त्याने बैलाच्या डोळ्यावरचा हात काढला नाही. सावकाश बोलायला लागला, जीभ अजून गोळ्यांनी जड होती.

"बैल पाडला की मानेपाशी माणूस लागतं. तुझ्या बापाने पहिल्या दिवशी सांगितलं होतं मला. जेवण टाकून, पाऊस येवो, काही होवो. सोडेपर्यंत उठायचं नाही."

मी खूर धरून ठेवला.

"तोंडावर चादर होती, पण तुझा आवाज ऐकला मी. फास मागे, शेंडी वर. म्हटलं, आहे ही. मान वळत नव्हती, पण म्हटलं, डोक्यापाशी बसलीय. मग मी हललो नाही. बैल पडून राहतो तसा राहिलो. तुझ्याशी बोलत होतो. नाल उपटले ते चुकलं म्हटलं, आईचा कोपर बघ म्हटलं. खूप बोललो. तू उत्तर देत नव्हतीस. म्हटलं, रागावली असेल. मग तो मास्तर आला नाक खाजवायला. मी त्याला म्हटलं, मास्तर, हिला जरा पाणी द्या, सकाळपासून बसलीय. तो इकडेतिकडे बघायला लागला. म्हणाला, कोणाला? इथे कोणी नाही. बाई कधीच गेली."

बैलाने मोठा श्वास सोडला, धूळ उडाली.

"मग मी हिसके द्यायला लागलो," नवरा म्हणाला. "मामाने ओढून ओढून गाठ मनगटावर बसवलेली. बोटं तेव्हा गेली. का गेलीस तू?"

मला दहा कारणं सुचली आणि दहाच्या दहा खरी होती. सिस्टरनी बाहेर काढलं. ट्रक निघायच्या बेतात होता. घरी सासू भाजलेली, भट्टी तशीच. गोठ्यात लोकांचे दोन बैल. पण बाहेर व्हरांड्यात बाकडं होतं. सिस्टर म्हणाल्या होत्या, "बसायचं तर इथे बसा, तासाभराने आत सोडते." हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, सासूलासुद्धा.

"बसता आलं असतं," मी म्हटलं. "बाकडं होतं बाहेर. आत सोडणार होते तासाभराने."

"मग?"

"नाही बसले. सुटल्यासारखं वाटलं मला. त्यांच्या ताब्यात दिलं, आता ते बघतील, असं वाटलं. ट्रकमध्ये चुऱ्यावरच डोळा लागला. घरी येऊन पडले ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. तू खाटेवर आहेस, हात बांधलेत, काही काही मनात आलं नाही."

सासूने दारातून एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, आता हा उठणार. बैल तसाच टाकून दगडावर जाऊन बसणार, आणि आता बसला की कायमचा. उठला असता तर त्याला नाव ठेवायला मला तोंड नव्हतं.

"झोप लागली होती?" त्याने विचारलं.

"लागली होती."

"गाढ?"

"गाढ."

त्याने बधिर बोटांनी बैलाच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"बरं झालं," तो म्हणाला. "दोघांतल्या एकाला तरी लागली."

मी खाली बघून खिळा धरला. दोन नाल राहिले होते. खिळा दिसेना, खूर दिसेना, मनगटाने डोळे पुसले तर खुराचा चुरा डोळ्यात गेला आणि आणखीच वाहायला लागले. हातोडा हातात धरून तशीच बसले.

"सावकाश घे," नवरा म्हणाला. "मी बसलोय इथे."